पाव रिआलची बाई

१

सासरी आल्यावर पहिल्याच रविवारी तिला कळलं, की या घरात आपण एकटीच नवी नाही.

ती चहा गाळत होती. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि सासरे हॉलमधून म्हणाले, "नवी आली वाटतं."

"आले, बाबा," म्हणत ती ओले हात पुसत बाहेर धावली. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी कुरिअरवाल्याच्या हातून एक छोटं पाकीट घेतलं, कानाशी धरून हलवलं आणि झोपलेलं मूल उचलून न्यावं तसं अलगद आत नेलं.

"तुला नाही, बाईला म्हणाले ते," नवरा पेपरमागून म्हणाला.

नव्या सुनेला पहिल्याच रविवारी असलं वाक्य ऐकावं लागणं काही बरं नाही. पण बाई म्हणजे नाणं निघालं.

सासरे जन्मभर वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानदारांचे तराजू जप्त करण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर कुणी बागेला लागतं, कुणी गुडघ्यांना. सासरे मेक्सिकोला लागले. गेले कुठेच नाहीत. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या टांकसाळींनी पाडलेली चांदीची बारकी नाणी घरबसल्या जमवायला लागले. त्यातही सगळ्यांत बारकं ते पाव रिआल. शर्टाच्या बटणाएवढं, फुंकर मारली तर उडून सोफ्याखाली जाईल असं. एका बाजूला पाव हा अपूर्णांक, दुसऱ्या बाजूला एका बाईचं तोंड, डावीकडे बघणारं. गरुड नि साप असलेली मोठी नाणी त्यांच्या मते दिखाऊ होती. "गरुड काय, कुणीही काढेल," ते म्हणायचे. "एवढ्याशा जागेत बाई बसवायची म्हणजे कसब लागतं."

दर रविवारी चहानंतर खण उघडायचा आणि सगळ्यांनी बघायचं, असा त्या घरातला नेम होता. निळ्या मखमलीच्या खाचांमधून बायका ओळीने बसलेल्या. टांकसाळ बदलली की बाई थोडी बदलायची. एकीचं नाक धारदार, एकीचा अंबाडा सुटायला आलेला, एकीवर ठसा नीट न बसल्यामुळे हनुवटीच गायब. पण सगळ्या झाडून डावीकडे बघणाऱ्या. डावीकडून बस येणार आहे आणि ती चुकता कामा नये, अशा.

"कशा वाटल्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"छान आहेत," ती म्हणाली. "कुणाची वाट बघतायत?"

नवरा हसला. सासरे हसले नाहीत. तेव्हापासून नवरा तिला नवी म्हणायला लागला, आणि ते चिकटलं.

२

सासूबाई नवीशी बोलायच्या, पण तिच्याकडे बघून बोलायच्या नाहीत.

भाजी चिरताना बोलायच्या, कपडे घड्या घालताना बोलायच्या, आणि बोलणं तसं गोडच असायचं. "अगं, जेवलीस का नीट?" असं त्या खिडकीला विचारायच्या. नवीने उत्तर दिलं की खिडकीलाच "बरं" म्हणायच्या. नवीला आधी वाटलं, राग असेल. मग वाटलं, लाजत असतील. मग तिने माहेरी फोन लावला.

"आई, त्या माझ्याकडे बघतच नाहीत."

"असतं गं सुरुवातीला," माहेरची आई म्हणाली. "माझ्या सासूने तर मला कितीतरी दिवस हाकच मारली नव्हती. काम असलं की भांडं आपटायची. मी आवाजावरून ओळखायचे, पातेलं म्हणजे पाणी, झाकण म्हणजे इकडे ये."

"म्हणजे मी काय करू?"

"काही करू नकोस. एक दिवस बघतील."

नवीने तेवढंच मनात धरलं. सासूबाईंनी एकदा, एकदाच, आपल्याकडे नीट समोरून बघावं. बाकी त्या घराबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

नवी पासपोर्टचे फोटो काढायच्या एका छोट्या स्टुडिओत काम करायची. दिवसभर माणसांना समोर बघायला लावायचं, एवढंच ते काम. त्यामुळे असेल, घरातली एक गोष्ट इतरांआधी तिच्या डोळ्यांवर आली. जेवायच्या टेबलाशी सासूबाईंची खुर्ची भिंतीला लागून होती, उजवी बाजू भिंतीकडे. ओट्याशी त्या उभ्या राहायच्या तिथेही उजवीकडे भिंत. सोफ्याचा कोपरा, पलंगाची कड, बाल्कनीतला स्टूल, सगळीकडे तेच. बोळातून जाताना त्या भिंत धरून जायच्या, आणि परत येताना समोरची भिंत धरून.

नवीने लग्नाचा अल्बम काढला. सासूबाई वराला ओवाळण्यापासून पाहुण्यांना निरोप देण्यापर्यंत प्रत्येक फोटोत होत्या. प्रत्येक फोटोत एकच कान होता.

फोटोग्राफर नवशिका असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण तो तिच्याच स्टुडिओचा मालक होता.

३

सासऱ्यांना एक सवय होती. पेपर वाचताना, टीव्ही बघताना, कुणाशी वाद घालताना त्यांचा उजवा हात खिशात असायचा आणि अंगठा आतल्या आत फिरत असायचा. कापडावरून कळायचं. नवीला वाटलं, जपमाळ वगैरे असेल. एकदा त्यांनी स्वतःच काढून दाखवलं.

पाव रिआलच होतं. म्हणजे असावं.

"हिला खणात का नाही ठेवलीत, बाबा?"

"ही वापरातली, सूनबाई. माझी पहिली. लग्नाच्या वर्षी एका भंगारवाल्याकडे मिळाली. तेव्हापासून खिशात आहे." त्यांनी ती तळहातावर उजेडात धरली. "हात लागून लागून कशी मऊ झालीय बघ. खणातल्यांना ही सर नाही."

नवीने वाकून बघितलं. कडेची रेघ तेवढी होती. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, एका ओघात. आत काही नव्हतं.

"डोळा कुठाय हिचा?"

"होता की. आधी गाल जातो, मग डोळा. कडेची रेघ मात्र शेवटपर्यंत टिकते. म्हणून तर लांबून कुणाला कळत नाही."

सासूबाई पलीकडे दोरा ओवत होत्या. त्या खिडकीला म्हणाल्या, "तिला कशाला ते सगळं."

"घरातली आहे आता ती," सासरे म्हणाले, आणि त्यांना काहीतरी आठवलं. आत जाऊन त्यांनी त्या रविवारी आलेलं पाकीट आणलं. आतली बाई नवीकोरी होती, जणू कालच पाडलेली. नाक कसं, कागद कापेल असं. त्यांनी ती मुलाच्या हातावर ठेवली.

"ही सूनबाईंसाठी आणलीय. खणात टाकू नकोस. खिशात असू दे."

"माझ्यासाठी आणलीय तर माझ्याकडे द्या ना," नवी हसत म्हणाली.

सगळेच हसले. सासूबाईंचा सुईचा हात तेवढा थांबला.

४

पुढे काही दिवसांनी सासऱ्यांच्या मनाने घेतलं, की मरायच्या आधी एकदा मेक्सिकोला जाऊन यायचं. टांकसाळ बघायची. ज्या यंत्रातून बाया पडल्या ते यंत्र बघायचं.

"आणि ते यंत्र आता मोडीत गेलं असेल तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर मोडीतलं बघू."

"मी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मी इथेच बरी आहे."

"अगं, तुला दाखवायलाच तर जायचं."

सासऱ्यांचा पासपोर्ट होता. सासूबाईंचा नव्हता, कारण त्यांना कधी कुणी कुठे नेलंच नव्हतं. पासपोर्ट म्हटला की फोटो आला, आणि फोटो म्हटला की नवी. तिचं काळीज सुपाएवढं झालं. पासपोर्टच्या फोटोचे नियम तिला तोंडपाठ होते: मान सरळ, ओठ मिटलेले, डोळे थेट भिंगात, दोन्ही कान दिसले पाहिजेत. सासूबाईंना आपल्याकडे बघावंच लागणार होतं, आणि तेही कायद्याने.

"आई, मी काढते तुमचा फोटो. दुपारी या, तेव्हा गर्दी नसते."

सासूबाईंनी पदर उजव्या खांद्यावर ओढून घेतला. मग खिडकीला म्हणाल्या, "तुलाच काढायचाय ना? मग येते."

५

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे पांढरी भिंत, फिरतं स्टूल आणि तीन पायांवर कॅमेरा. मालक जेवायला गेले होते. सासूबाई भिंतीच्या कडेकडेने आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. बसल्या त्या खिडकीकडे तोंड करून, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

"आई, इकडे. या काचेत बघायचं."

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि होत्या तशाच राहिल्या.

नवीने स्टूल धरून हळूच फिरवलं. सासूबाईंनी पायाच्या अंगठ्याने ते तितकंच परत फिरवलं. नवीने कॅमेरा स्टँडवरून काढून हातात घेतला आणि ती त्यांच्या समोर जायला निघाली. स्टूल कुरकुरलं. ती आणखी पुढे गेली, स्टूल आणखी कुरकुरलं. ती थांबली की कुरकुर थांबायची. भिंगात मात्र तोच डावा गाल, तोच एक कान, तोच व्यवस्थित अंबाडा. नवीने स्टुलाला पूर्ण प्रदक्षिणा घातली. सासूबाईंचीही पूर्ण झाली.

पडद्याबाहेर कुणीतरी खाकरलं. "अजून वेळ आहे का? माझी नुसती झेरॉक्स आहे."

"आलेच," नवी म्हणाली. तिला घाम फुटला होता आणि हसूही येत होतं. लहान पोरांना फोटोसाठी बसवताना ती खुळखुळा वाजवायची. इथे काय वाजवावं, कळेना.

मग तिने रोज करते तेच केलं. येणाऱ्या प्रत्येकाची मान कुठेतरी कललेली असतेच. दोन बोटांनी हनुवटी धरायची, दुसरा हात गालाला लावायचा आणि तोंड अलगद समोर आणायचं. हाताला सवय होती, विचारायचं राहूनच गेलं. कॅमेरा गळ्यात अडकवून ती मागून वाकली. तिने डाव्या हाताने हनुवटी धरली आणि उजवा हात सासूबाईंच्या उजव्या गालाला लावला.

गाल असायला हवा होता तिथे लावला.

थंड होतं. बशीच्या तळासारखं गुळगुळीत. बोट सवयीने वर सरकलं, चष्म्याची काडी नीट करायला सरकतं तसं. जिथे डोळ्याचा खळगा लागायला हवा, तिथून ते न अडखळता तसंच पुढे घसरत गेलं, थेट केसांपर्यंत.

स्टूल कुरकुरत नव्हतं. बाहेरचा माणूस पुन्हा खाकरला.

"तुझा हात गरम आहे गं," सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

नवीने हात काढला. तिने कॅमेरा परत स्टँडवर बसवला.

"मशीन बिघडलंय म्हणून सांग घरी," सासूबाई उठत म्हणाल्या. "आणि जाताना तू माझ्या डावीकडून चाल. उजवीकडे भिंतच बरी."

६

नवी विचार करणारी मुलगी होती. तिने विचार केला.

लकवा. लकव्याने गाल सैल पडतो, पण थंड पडत नाही. भाजल्याचा जुना व्रण. व्रण खडबडीत असतो. प्लास्टिक सर्जरी. सासऱ्यांनी प्लास्टिक सर्जरीवर खर्च केला असेल, हे गालापेक्षाही अविश्वसनीय होतं. आणि शेवटी, भास. दुपारची वेळ, जेवण झालेलं नाही, बोटाला पावडर लागलेली, सरकलं असेल.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तेव्हा तिने चहा पुढे ठेवून सहज विचारलं, "आईंना कधी काही झालं होतं का? इकडे, उजव्या बाजूला?"

"कुठे?"

"चेहऱ्याला. उजवीकडे."

नवऱ्याने आठवून बघितलं. तो तसा प्रामाणिक मुलगा होता, विचारलं की खरंच आठवायचा. "उजवीकडून मी बघितलं नाही तिला कधी."

"कधीच नाही?"

"म्हणजे प्रसंग आला नाही."

"अरे, आई आहे ती तुझी. लहानपणी कडेवर घेतलं असेल की."

"डाव्या कडेवर घ्यायची," तो म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवलं. "उजव्या हाताने कामं करायची ना."

हे अगदी पटण्यासारखं होतं. त्याने एका हाताने चहा संपवला. दुसरा हात खिशात होता.

७

मान तिची त्याच सुमारास धरली. डॉक्टर म्हणाले, उशी बदला. उशी बदलली. मग म्हणाले, बाजू बदला. ती बदलायला गेली तर लक्षात आलं, की आपण पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला झोपायला लागलो आहोत. जेवताना तिची खुर्ची फ्रिजला लागून असायची, उजवी बाजू फ्रिजकडे. तिथे तिला कुणी बसवलं नव्हतं. तिथे बरं वाटायचं.

स्टुडिओत मालकांनी नवा दिवा आणला आणि तपासायला तिलाच स्टुलावर बसवलं. मालक जाडे, हौशी आणि कायम कंपनीवर चिडलेले.

"समोर बघ."

"समोरच बघतेय."

"मग उजवा कान कुठे ठेवलास?"

नवीने कान चाचपला. होता. कानातलंही होतं. मालकांनी पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. चेहरा जरासा डावीकडे वळला होता, आणि उजवीकडचा गाल उजेडात विरघळल्यासारखा झाला होता. डोळा होता, पण दुधात बेदाणा असावा तसा, असला तर असला.

"दिव्याची कंपनी चोर आहे," मालक म्हणाले. "थांब, मी बसतो." ते बसले. त्यांचे दोन्ही कान आले, गरजेपेक्षा जास्तच आले.

त्या संध्याकाळी नवी सोफ्यावर बसून नवऱ्याकडे बघत राहिली. तो टीव्ही बघत होता, आणि खिशाच्या कापडाआड त्याचा अंगठा फिरत होता. गोल, गोल. तिच्या उजव्या गालाला हलकीशी खाज होती, दिवसभर नव्हती. अंगठा थांबला, खाज थांबली. जाहिरात संपली, अंगठा फिरायला लागला.

योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. मग तिने आतून लोणच्याची घट्ट बरणी आणली.

"जरा उघडून दे."

त्याने दोन्ही हातांनी बरणी धरली आणि दात खाऊन पिळली. गाल एकदम शांत झाला. बरणी उघडली. तिने ती आत नेली, झाकण असेल नसेल तेवढं जोर लावून बसवलं आणि पुन्हा आणली.

"आत्ता तर उघडली."

"पुन्हा लागली."

त्या संध्याकाळी त्याने ती बरणी इतक्यांदा उघडली, की शेवटी त्याची बोटं लाल झाली. "काय चाललंय तुझं?" तो म्हणाला. तिला सांगता आलं असतं, पण कुठून सुरू करणार? तुझ्या खिशात माझा गाल आहे, असं लग्नानंतर इतक्या लवकर बोलता येत नाही.

"तू त्या नाण्याला सारखा हात लावू नकोस," ती एवढंच म्हणाली.

"का?"

"मला नाही आवडत."

"अगं, पण किती बरं वाटतं," नवरा म्हणाला. त्याने खोटं सांगितलं असतं तर तिला एवढी भीती वाटली नसती.

८

रविवारी चहा झाला, खण उघडला. ऊन टेबलावर आलं होतं. सगळ्या बाया आपापल्या खाचांत, डावीकडे बघत. टेबलाच्या त्या टोकाला सासूबाई, उजवीकडे भिंत. या टोकाला नवी, उजवीकडे फ्रिज. मध्ये बापलेक, दोघांचेही उजवे हात टेबलाखाली.

"फोटोचं काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं. "अजून मशीन बिघडलेलंच आहे का? दुसरीकडे काढू. आज एखादं दुकान उघडं असेल."

"नको म्हटलं ना," सासूबाई खिडकीला म्हणाल्या.

"तुला काय कळतंय. सूनबाई, तू सांग हिला."

नवीला उत्तर द्यायचं तर सासऱ्यांकडे बघावं लागणार होतं. मान वळेना. गालाला खाज सुटली होती. आज ती खाज गालावरून वर, पापणीपर्यंत गेली होती. तिने फ्रिजला हात टेकला, पाय जमिनीत रोवले आणि अख्खी खुर्चीच फिरवली. फरशीवर असा आवाज झाला, की खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

आता ती नवऱ्याच्या अगदी समोर होती. तिने तळवा पुढे केला.

"माझी दे."

"काय?"

"खिशातली. माझ्यासाठी आणलीय ना, मग माझ्याकडे राहील."

नवरा वडिलांकडे बघायला लागला. सासरे हसले. "तुला काय करायचीय ती, सूनबाई? बायका हरवतात."

"हरवली तर माझी मी हरवेन."

"अगं, पण सवय झालीय मला," नवरा म्हणाला. म्हणता म्हणता त्याने तिच्याकडे बघितलं. समोरून बघायची त्याला सवय नसावी. किंवा तिच्या उजव्या डोळ्याकडे बघून त्याला काहीतरी शोधावं लागलं असावं. त्याचा हात टेबलाखालून वर आला. त्याने ते नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं, आणि ठेवल्यावरही बोट लगेच उचललं नाही. तिने मूठ मिटायला घेतली तेव्हा उचललं.

गाल शांत झाला. मूठ उघडून तिने बघितलं. नाक धारदार होतं. गालावर मात्र एक चकाकणारा ठिपका पडला होता, आणि तो आता जाणार नव्हता.

 मग टेबलाच्या त्या टोकाला बांगड्या वाजल्या. सासूबाईंनी तोंड खिडकीकडेच ठेवून हात टेबलावर पसरला होता, तळवा वर करून.

"माझीपण द्या."

"तुझी कुठली?"

"तुमच्या खिशातली."

सासऱ्यांना हे इतकं अनपेक्षित होतं, की ते क्षणभर जुन्या खात्यातल्यासारखे बोलले. "तिच्यात काय राहिलंय आता? चेहरा नाही, अक्षर नाही. वजनात कमी भरते. कुणी घेणार नाही."

"जेवढी असेल तेवढी द्या."

त्यांचा हात खिशातच होता. कापडाखाली अंगठा एकदा फिरला, अर्धवट फिरला आणि थांबला. हात बाहेर आला तेव्हा तो हात त्यांना कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. सासूबाईंच्या तळव्यावर पडलेली चकती इतकी पातळ होती, की आवाजसुद्धा झाला नाही. त्यांनी मूठ मिटली आणि थोडा वेळ तशीच उन्हात ठेवली.

"नवे," त्या म्हणाल्या. या नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती. "तुला फार होतं ना मनात, की मी बघावं म्हणून."

"हो, आई."

"बघते. पण मग तुलाही बघावं लागेल. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मला राग यायचा नाही."

 नवीला स्टुडिओतली दुपार आठवली, बोट घसरत गेलं होतं ती. "बघा तुम्ही," ती म्हणाली.

सासूबाईंची खुर्ची सरकली. भिंतीपासून हातभर सुटली आणि हळूहळू फिरायला लागली. आधी नाकाची कड हलली, मग अंबाडा दिसेनासा झाला. नवऱ्याने कपात बघितलं. सासरे घाईघाईने खण लावायला लागले.

नवी बघत राहिली.